लिनक्सवर कर्नल अपडेट झाला आणि स्क्रीन काळी पडली: एनव्हिडिया ड्रायव्हरचा वारंवार येणारा बिघाड

लॅपटॉप काल नीट चालत होता, मध्ये फक्त अपडेट झालं. आता सुरू केला की कंपनीचा लोगो येतो, मग काळी स्क्रीन, कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ आणि पुढे काहीच नाही. एनव्हिडिया कार्ड असलेल्या लिनक्स मशीनवर हा बिघाड मी बऱ्याचदा सोडवला आहे. इंजिनिअरिंगची मुलं, ब्लेंडरवर ॲनिमेशन करणारे, कुडावर (एनव्हिडिया कार्डावर गणितं करायची व्यवस्था) मॉडेल चालवणारे, सगळ्यांकडे प्रकार तोच. दुरुस्ती होते आणि पुढचा कर्नल (लिनक्सचा गाभा) आला की तक्रार परत येते. तपासण्या खाली सोप्याकडून अवघडाकडे, फुकटकडून खर्चाकडे अशा क्रमाने दिल्या आहेत. क्रम मोडू नका. काळी स्क्रीन दिसली की लोक आधी सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करतात. त्यात दिवस जातो आणि मूळ कारण जिथल्या तिथे राहतं.

आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. ‘डॅश’ म्हणजे ‘-’ हे चिन्ह, आणि ‘सुडो’ म्हणजे पुढची आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं.

लक्षणं

यातलं एक किंवा अनेक दिसू शकतात:

- लोगोनंतर काळी स्क्रीन. पण कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबल्यावर अक्षरी लॉगिन येतं.
- डेस्कटॉप येतो, पण अक्षरं मोठी आणि फिस्कटलेली. रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ वर अडकलेलं आणि यादीत दुसरा पर्यायच नाही.
- सेटिंगमधल्या ‘अबाउट’ पानावर ग्राफिक्सपुढे कार्डाच्या नावाऐवजी ‘एलएलव्हीएमपाइप’ लिहिलेलं. म्हणजे चित्र काढायचं सगळं काम प्रोसेसर करतो आहे. यूट्यूब अडखळतं, पंखा गरगरतो.
- लॅपटॉपची स्क्रीन ठीक, पण एचडीएमआयला लावलेला मॉनिटर किंवा प्रोजेक्टर दिसत नाही. बऱ्याच लॅपटॉपवर एचडीएमआयचं भोक थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असतं, म्हणून तिचा ड्रायव्हर बंद पडला की बाहेरचा मॉनिटरही जातो.
- ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कार्डाची स्थिती दाखवणारी आज्ञा चालवल्यावर ड्रायव्हरशी संपर्क होत नाही असा संदेश.

रंगीत ठिपके, चौकटी किंवा उभ्या रेघा लोगोच्या वेळीच किंवा बायोसच्या पडद्यावरही दिसत असतील, तर मधलं सगळं सोडून शेवटच्या भागाकडे जा. तिथे लिनक्स अजून सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे दोष लिनक्सचा नाही.

हे परत परत का होतं

पुढची प्रत्येक तपासणी या कारणावर उभी आहे, म्हणून ते आधी.

लिनक्स कर्नल बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी आपलं वागणं कसोशीने सांभाळतो. आतल्या भागांनी एकमेकांशी कसं बोलायचं, ते मात्र तो मुद्दाम मोकळं ठेवतो आणि दर आवृत्तीत बदलतो. कर्नलच्या सोर्समध्येच राहणाऱ्या ड्रायव्हरला याचा त्रास होत नाही. जो आतली रचना बदलतो, त्यानेच त्या बदलामुळे मोडणारे सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे, असा तिथला रिवाज आहे. इंटेलचा ‘आय९१५’ आणि एएमडीचा ‘एएमडीजीपीयू’ हे असे घरातले ड्रायव्हर. एएमडीने २००७ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या कार्डांची माहिती खुल्या ड्रायव्हरसाठी द्यायचं जाहीर केलं. ‘एएमडीजीपीयू’ २०१५ मध्ये ४.२ कर्नलमध्ये आला. आज ती कार्डं असलेल्या मशीनवर कर्नल बदलला तरी बहुतेकांना कळतसुद्धा नाही.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहतो. त्यामुळे प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल (कर्नलमध्ये चढणारा भाग) पुन्हा बांधावं लागतं, आणि बहुतेक वेळा तुमच्याच मशीनवर. उबंटू, मिंट आणि डेबियनवर हे काम ‘डीकेएमएस’ करतो, फेडोरावर ‘एकेमॉड्स’. हे बांधकाम मध्येच अडलं, किंवा झालं पण त्यावर सही नसली, की कर्नल नवा आणि ड्रायव्हर गायब. पडद्यावर काळोख येतो तो इथून.

एका गोष्टीचा इथे फार घोळ होतो. २०२२ च्या मे महिन्यात एनव्हिडियाने आपल्या कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला. अनेकांना वाटलं, संपली कटकट. ती संपली नाही, कारण खुलं झालेलं ते मॉड्यूलही कर्नलच्या बाहेरच राहतं आणि डीकेएमएसकडूनच बांधलं जातं. सोर्स खुला असणं आणि ड्रायव्हर कर्नलच्या आत असणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. हा बिघाड दुसऱ्या पायरीवर थांबतो. तिथवर आपण कुठे पोचलो आहोत, ते आठव्या आणि नवव्या तपासणीत येईलच.

पहिली तपासणी: केबल आणि भोक

डेस्कटॉप असेल तर मॉनिटरची केबल मागे कुठे लावली आहे ते बघा. वरच्या बाजूला, यूएसबीच्या शेजारचं एचडीएमआय हे मदरबोर्डचं. खाली आडव्या पट्टीवरचं कार्डाचं. साफसफाईनंतर केबल चुकीच्या भोकात जाणं अगदी नेहमीचं आहे. मग मशीन पूर्ण बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि पुन्हा सुरू करा. नुसतं ‘रीस्टार्ट’ केल्यावर कार्डाची वीज तुटेलच असं नाही. आधीच्या अर्धवट अवस्थेत अडकलेली चिप कधी कधी एवढ्यानेच सुटते.

दुसरी: जुन्या कर्नलवर सुरू करून बघा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबा, म्हणजे ग्रबची, कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणारी, यादी येईल. त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन वरून दुसरा, म्हणजे आधीचा कर्नल निवडा. फेडोरावर जुने कर्नल थेट पहिल्याच यादीत असतात.

जुन्या कर्नलवर सगळं ठीक चाललं, तर कार्ड शाबूत आहे, मॉनिटर शाबूत आहे, डेस्कटॉपही शाबूत आहे. बिघाड फक्त नव्या कर्नलच्या मॉड्यूलमध्ये आहे, आणि तुम्हाला काम करायला मशीनही मिळालं. उद्या सबमिशन असेल तर आज इथेच थांबा, काम संपवा, बाकीचं नंतर बघा. जुन्या कर्नलवरही स्क्रीन काळीच राहिली, तर सातव्या आणि दहाव्या तपासणीची शक्यता वाढते. मधल्या तपासण्या तरीही करा.

तिसरी: ‘नोमोडसेट’ राहून गेलंय का

इन्स्टॉल करताना स्क्रीन येत नव्हती म्हणून कुणीतरी ‘सेफ ग्राफिक्स’ किंवा मिंटमधला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडलेला असतो. त्या पर्यायात कर्नलला ‘नोमोडसेट’ असा शब्द दिला जातो आणि तो कधी कधी पक्क्या इन्स्टॉलमध्येही उतरतो. अर्थ असा, की कर्नलमधल्या ग्राफिक्स ड्रायव्हरने पडद्याला हातच लावायचा नाही. इन्स्टॉल पार पाडायला तो उपयोगी आहे, रोजच्या वापरात घातक आहे. त्याने इंटेल आणि एएमडीचे चांगले चालणारे ड्रायव्हरसुद्धा बंद पडतात.

‘कॅट’ आज्ञेने ‘/प्रोक/सीएमडीलाइन’ ही फाइल वाचा. त्यात तो शब्द दिसला तर ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ उघडून काढून टाका, ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा, रीस्टार्ट करा. एएमडी कार्डवर एलएलव्हीएमपाइप दिसत असेल तर माझा पहिला संशय यावरच असतो. दुसरा संशय अर्धवट फर्मवेअरवर (हार्डवेअरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर). डेबियनच्या १२ व्या आवृत्तीपासून इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर येतं, पण त्याआधीच्या इन्स्टॉलमध्ये ते वेगळं घ्यावं लागायचं आणि बरेच जण विसरायचे.

चौथी: आत्ता कोणता ड्रायव्हर चालतोय

‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘डॅश के’ लावून चालवा आणि ‘व्हीजीए’ किंवा ‘थ्रीडी कंट्रोलर’ लिहिलेल्या ओळी शोधा. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असायला हवी. तिच्यापुढे ‘एनव्हिडिया’ असेल तर मॉड्यूल चढलं आहे आणि दोष वरच्या थरात आहे. ‘नूव्हो’ असेल तर कर्नलमधल्या खुल्या ड्रायव्हरने जागा घेतली आहे. ती ओळच नसेल तर कार्ड बेवारस आहे. पुढच्या तीन तपासण्या त्यासाठीच आहेत.

एनव्हिडिया-एसएमआयने ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ म्हटलं, तर घाबरू नका. चालू मशीनवर ड्रायव्हरचं अपडेट झालं आहे, जुनं मॉड्यूल अजून मेमरीत आहे आणि लायब्ररी नवी आली आहे. रीस्टार्ट करा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

पाचवी: सिक्युअर बूट

नव्या लॅपटॉपवर सगळ्यात जास्त वेळा मला सापडणारं कारण हेच. सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल सही नसलेलं मॉड्यूल आत घेत नाही. घरातल्या ड्रायव्हरवर वितरणाची (उबंटू, फेडोरा वगैरेंची) सही आधीच असते. तुमच्या मशीनवर बांधलेल्या मॉड्यूलवर तुमच्या मशीनच्या किल्लीची सही होते, आणि ती किल्ली फर्मवेअरला आधी दाखवून मंजूर करून घ्यावी लागते.

‘मोकयुटिल’ ही आज्ञा ‘डॅश डॅश एसबी-स्टेट’ लावून चालवा. सिक्युअर बूट चालू आहे असं उत्तर आलं, तर ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’ करून बघा. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर आलं की निदान पक्कं.

उबंटूवर ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी डॅश डॅश एनरोल-की’ चालवा. ती एक तात्पुरता पासवर्ड मागेल. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो आणि तो थोडे सेकंदच थांबतो. बहुतेक जण त्याला काहीतरी भलतंच समजून जाऊ देतात, आणि सगळा प्रकार तिथेच फसतो. कुठलंही बटण दाबा, ‘एनरोल मोक’ निवडा, ‘कंटिन्यू’, ‘येस’, मग तो पासवर्ड. त्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचाच असतो, म्हणून पासवर्डमध्ये खास चिन्हं ठेवू नका.

‘सिक्युअर बूट बंदच करून टाक’ हा सल्ला सर्रास दिला जातो. मशीनवर विंडोजही असेल तर तो पाळण्याआधी थांबा. सिक्युअर बूट बदललं की बिटलॉकर हे विंडोजचं डिस्कचं कुलूप ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती हाताशी नसेल तर विंडोजमधल्या फाइली गेल्यात जमा. आधी ती की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा. किल्ली मंजूर करून घेणं एकदाचंच काम आहे आणि त्यात ही जोखीम नाही, म्हणून मी तोच रस्ता धरते.

सहावी: मॉड्यूल बांधलं गेलं का

‘डीकेएमएस स्टेटस’ चालवा. नव्या कर्नलच्या आकड्यापुढे ‘इन्स्टॉल्ड’ असं हवं. नुसतं ‘ॲडेड’ असेल, किंवा नवा कर्नल यादीतच नसेल, तर बांधकाम झालेलं नाही. चालू कर्नलचा आकडा ‘यूनेम डॅश आर’ने मिळतो.

सगळ्यात साधं कारण म्हणजे जागा. ‘डीएफ डॅश एच’ चालवून ‘/बूट’ची ओळ बघा. डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या मशीनवर ही वेगळी आणि छोटी पार्टिशन असते. जुने कर्नल साचले की ती भरते आणि नव्या कर्नलची तयारी अर्धवट सुटते. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह डॅश डॅश पर्ज’ करा. ‘/बूट’मधल्या फाइली हाताने उडवू नका. पॅकेज व्यवस्थेला ते कळत नाही, आणि चुकून चालू कर्नलच गेला तर मशीन उठणार नाही.

जागा असेल तर हेडर बघा. कर्नलच्या हेडर फाइलींशिवाय मॉड्यूल बांधता येत नाही. उबंटूवर ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ हे पॅकेज हवं. एकेका आकड्याचं हेडर टाकलं असेल तर पुढच्या कर्नलला ते आपोआप येत नाही आणि बिघाड परत येतो. कर्नल ज्या जीसीसी कंपायलरने बांधला आहे, तोही मशीनवर लागतो. उबंटू २२.०४ वर ६.५ कर्नल आला, तो जीसीसी १२ ने बांधलेला होता आणि मशीनवर मुळात ११ होता. त्या एका अपडेटमुळे बऱ्याच जणांच्या स्क्रीन काळ्या झाल्या होत्या.

तरीही बांधकाम पडत असेल तर ‘/व्हार/लिब/डीकेएमएस’मधली ‘मेक.लॉग’ फाइल उघडा आणि ‘एरर’ शब्द पहिल्यांदा जिथे येतो ती ओळ वाचा. शेवटची ओळ फसवी असते. तिथे एखाद्या फंक्शनचे आर्ग्युमेंट जुळत नाहीत अशी तक्रार असेल, तर कर्नल पुढे गेला आहे आणि ड्रायव्हर मागे राहिला आहे. मोडलेला ड्रायव्हर हाताने दुरुस्त करत बसू नका. ड्रायव्हरची नवी आवृत्ती येईपर्यंत जुन्या कर्नलवर राहा.

फेडोरावाल्यांसाठी एक सवय. अपडेट संपलं की लगेच रीस्टार्ट करू नका. एकेमॉड्स मागे शांतपणे बांधत असतो, त्याला पाचेक मिनिटं द्या. ‘मॉडइन्फो डॅश एफ (मोठा) व्हर्जन एनव्हिडिया’ने आकडा दिला की मगच बंद करा. उबंटूवाल्यांनी शक्य असेल तर ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया’ने सुरू होणारी पॅकेजं घ्यावीत. ती उबंटूनेच बांधून, सही करून दिलेली असतात. त्यांच्याबरोबर पाचवी आणि सहावी अशा दोन्ही तपासण्यांची गरज बहुतेक संपते.

सातवी: दोन ड्रायव्हरची भेसळ

कधीतरी एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून ‘.रन’ फाइल उतरवून ड्रायव्हर टाकला, नंतर वितरणाचं पॅकेजही टाकलं, मग कुडासाठी तिसरीकडून काही आणलं. प्रत्येकाने त्याच जागी आपापल्या फाइली लिहिल्या. ‘.रन’ फाइलने काय काय टाकलं, याची एपीटीला (उबंटूच्या पॅकेज व्यवस्थेला) खबर नसते. त्यामुळे पुढच्या अपडेटला कुठलीतरी अर्धी लायब्ररी वेगळ्या आवृत्तीची निघते.

आधी टाइमशिफ्टने सिस्टिमचा स्नॅपशॉट (परत जाण्यासाठी प्रत) घ्या आणि इंटरनेट केबलने किंवा मोबाइलच्या यूएसबी टेदरिंगने मिळतंय याची खात्री करा. अक्षरी लॉगिनमधून ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ चालवा, मग एनव्हिडियाची पॅकेजं पर्ज करा, म्हणजे सेटिंगसकट काढा, मग ‘सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’. यानंतर ड्रायव्हरसाठी एकच वाट ठेवा, वितरणाची. कुडाचं टूलकिट वेगळं टाकता येतं, त्याबरोबर येणारा ड्रायव्हर घ्यायलाच हवा असं नाही.

आठवी: तुमचं कार्ड कोणत्या पिढीचं, ड्रायव्हर कोणता

वरचं सगळं बरोबर असूनही कार्ड उठत नसेल तर इथे थांबून नीट बघा. अलीकडे हा घोळ वाढला आहे.

जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिका, म्हणजे ट्युरिंग पिढी, २०१८ मध्ये सुरू झाली. तिच्यापासून पुढच्या कार्डांत ‘जीएसपी’ नावाचा एक छोटा प्रोसेसर चिपमध्येच आहे. कार्ड सुरू करणं, वीज आणि घड्याळाचा वेग सांभाळणं ही कामं तो आपल्या फर्मवेअरने करतो. एनव्हिडियाचं खुलं मॉड्यूल याच जीएसपीवर अवलंबून आहे. म्हणून ते जीटीएक्स ९०० किंवा १००० मालिकेवर चालूच शकत नाही. तिथे बंद, म्हणजे सोर्स खुला नसलेलं, मॉड्यूलच लागतं. उलट २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेला फक्त खुलं मॉड्यूल चालतं. २०२४ च्या ५६० आवृत्तीपासून ट्युरिंग आणि पुढच्या कार्डांना खुलं मॉड्यूल आपोआप निवडलं जातं. जुन्या मशीनची डिस्क काढून नव्यात लावली, किंवा कार्ड बदललं, की मागच्या कार्डाचं मॉड्यूल तिथेच राहतं आणि स्क्रीन काळी.

जुन्या कार्डांची कुंडली अशी: जीटीएक्स ४०० आणि ५०० मालिका ३९० आवृत्तीवर थांबल्या, केप्लर पिढी ४७० वर, तर मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १०००, यांच्यासाठी ५८० ही शेवटची शाखा. १०५० टीआय असलेले लॅपटॉप आपल्याकडे अजून भरपूर चालतात. त्यांनी ५८० धरून ठेवावी. वितरण आपोआप पुढच्या शाखेवर नेत असेल तर पॅकेज ‘होल्ड’ करावं, म्हणजे आहे त्या आवृत्तीवर अडवून ठेवावं. ३९० आणि ४७० या शाखांना एनव्हिडियाकडून नवे बदल येणं थांबलं आहे. नव्या कर्नलवर त्या आज ना उद्या बांधल्या जाणार नाहीत. तिथे बंद ड्रायव्हर जगवण्याची धडपड मी कुणालाच सुचवत नाही.

नववी: कर्नलमधल्या खुल्या ड्रायव्हरवर यायचं का

‘नूव्हो’ हा एनव्हिडिया कार्डांसाठीचा खुला ड्रायव्हर. कंपनीने माहिती न देता, कार्डाचं वागणं निरखून लोकांनी तो लिहिला. २०१० च्या फेब्रुवारीत २.६.३३ कर्नलमध्ये तो आत आला, म्हणजे तो घरातला आहे. कर्नल बदलला म्हणून तो गायब होत नाही, सिक्युअर बूट त्याला अडवत नाही, डीकेएमएस लागत नाही. या लेखातला बिघाड त्याला होतच नाही.

मग सगळे तोच का वापरत नाहीत? २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून एनव्हिडियाने कार्डाचं फर्मवेअर सहीबंद केलं. त्यामुळे नूव्होला त्या कार्डांचा वेग वाढवताच येईना. कार्ड सुरू होतं तेव्हाच्या मंद गतीवर अडकून राहायचं. ज्यांनी वर्षानुवर्षं हे काम फुकट केलं, त्यांची मेहनत एका किल्लीपाशी अडली, याचं मला आजही वाईट वाटतं. जीटीएक्स ९०० आणि १००० ची ही अडचण तशीच आहे. त्या कार्डांवर नूव्हो डेस्कटॉप दाखवेल, खेळ चालवणार नाही.

ट्युरिंगपासून पुढे चित्र खरोखर बदललं आहे. २०२४ च्या जानेवारीतल्या ६.७ कर्नलपासून नूव्हो जीएसपीचं फर्मवेअर वापरू शकतो, म्हणजे वेगाचं काम आता चिप स्वतः करते. वरच्या थरात, मेसा या खुल्या ग्राफिक्स लायब्ररीमध्ये, ‘एनव्हीके’ नावाचा नवा ड्रायव्हर आला, व्हल्कनसाठी (खेळ आणि थ्रीडी प्रोग्रॅम कार्डाशी बोलतात ती पद्धत). तो २०२२ मध्ये जाहीर झाला आणि मेसा २४.१ मध्ये रोजच्या वापरासाठी पक्का झाला. मेसा २५.१ पासून ट्युरिंग आणि पुढच्या कार्डांवर ओपनजीएल ही जुनी पद्धतही झिंक या भाषांतर करणाऱ्या थरामार्गे एनव्हीकेवरूनच चालते. त्याच्या जोडीला रस्ट भाषेत ‘नोवा’ नावाचा नवा कर्नल ड्रायव्हर लिहिला जातोय. त्याचा पाया २०२५ मधल्या ६.१५ कर्नलमध्ये दाखल झाला. नोवा फक्त जीएसपी असलेल्या कार्डांसाठी आहे, त्यामुळे नूव्होच्या पाठीवरचं जुन्या पिढ्यांचं ओझं त्याच्यावर नाही. आज तो वापरण्याजोगा नाही, तो निव्वळ पाया आहे. पण तो कर्नलच्या आत उभा राहतोय, म्हणून मला त्याच्याकडून खरी आशा आहे.

कुणी यावं? लेखन, कोडिंग, ब्राउझर, व्हिडिओ आणि हलके खेळ एवढंच काम असेल आणि कार्ड ट्युरिंग किंवा पुढचं असेल, तर जरूर करून बघा. कुडा लागत असेल तर येऊ नका, ते इथे चालत नाही. बंद ड्रायव्हरइतका वेग सगळ्या खेळांत मिळेल अशीही अपेक्षा नको.

यायचं असेल तर एनव्हिडियाची पॅकेजं काढा. ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी’मध्ये नूव्होला ‘ब्लॅकलिस्ट’ करणारी (चढू न देणारी) फाइल उरली असेल तर ती काढा. तीच बहुतेक वेळा राहून जाते, आणि मग दोन्ही ड्रायव्हर नाहीत अशी अवस्था होते. मग ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस डॅश यू’. ट्युरिंग आणि तिच्यानंतरच्या अँपिअर पिढीच्या कार्डांवर ६.७ च्या आसपासच्या कर्नलला जीएसपी वापरायला स्पष्ट सांगावं लागतं. ग्रबमध्ये ‘नूव्हो.कॉन्फिग=एनव्हीजीएसपीआरएम=१’ लिहा, त्यातल्या दुसऱ्या शब्दाची एन, जी आणि आर ही अक्षरं मोठी. ‘लिनक्स-फर्मवेअर’ पॅकेज ताजं हवं. जीएसपीचं फर्मवेअर खुलं नाही आणि ड्रायव्हरला ठरावीक आवृत्तीचंच लागतं.

पुढचं मशीन घेणार असाल आणि कुडाची गरज नसेल, तर माझं स्पष्ट मत: एएमडी किंवा इंटेलचं ग्राफिक्स घ्या.

दहावी: कार्डच गेलंय का

जुन्या कर्नलवर सुरू करून ‘जर्नलसीटीएल डॅश के डॅश बी डॅश १’ चालवा. मागच्या खेपेचे कर्नलचे संदेश दिसतील. त्यात ‘एक्सआयडी’ आणि पुढे ७९ आकडा, सोबत ‘जीपीयू हॅज फॉलन ऑफ द बस’ असं असेल, तर कार्ड मध्येच संपर्काबाहेर गेलं आहे. वीज कमी पडणं, कार्ड स्लॉटमध्ये सैल असणं, अति तापणं किंवा चिप खराब होणं यातलं काहीही असू शकतं. डेस्कटॉपवर वीज बंद करून, प्लग काढून कार्ड एकदा काढून घट्ट बसवा. पॉवरचा प्लग पूर्ण आत गेलाय का ते बघा आणि तो काळवंडला असेल तर मशीन पुन्हा सुरू करू नका. याच्यापुढे घरी करण्यासारखं काही उरत नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

बायोसच्या पडद्यावर रेघा किंवा ठिपके दिसत असतील, जळका वास येत असेल, बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, किंवा ७९ चा संदेश कार्ड नीट बसवल्यावरही येत असेल, तर थांबा. फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप चार्जिंगला लावू नका. वॉरंटी असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या, स्क्रू उघडू नका. ओव्हनमध्ये किंवा हीटगनने कार्ड भाजायचे व्हिडिओ भरपूर आहेत. ते करू नका. चार दिवस चाललं तरी ते परत बंद पडतं, आणि घरातल्या स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये सर्किट बोर्ड तापवणं आरोग्याला वाईट.

वॉरंटी संपली असेल तर चिप पातळीवर काम करणाऱ्या कारागिराकडे न्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असे कारागीर मिळतात. रीबॉलिंग (चिप काढून तिच्याखालचे जोड नव्याने करणं) सुचवलं तर आधी विचारा की दोष चिपखालच्या जोडात आहे हे कशावरून ठरवलं, आणि काम करून किती दिवसांची हमी देणार. नीट उत्तर मिळालं नाही तर कार्ड परत घ्या.

मशीन ऑफिसचं असेल तर पाचव्या तपासणीपासून पुढे स्वतः काही करू नका. सिक्युअर बूट आणि डिस्कचं एन्क्रिप्शन तिथे आयटी विभागाच्या ताब्यात असतं. ग्राफिक्स कार्डाचं बायोस फ्लॅश करायचा सल्ला कुणी दिला, तर तोही घरी करू नका.

दुकानात जाण्याआधी लाइव्ह यूएसबीवरून (लिनक्स थेट चालणाऱ्या पेनड्राइव्हवरून) डेटा बाहेर काढा. ‘डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असं काउंटरवर हमखास ऐकायला मिळतं. ग्राफिक्सच्या बिघाडाला डिस्क फॉरमॅट करण्याचं काहीच कारण नसतं, हे तिथे ठामपणे सांगा.

बिघाड कार्डाचा नसून नूव्होचा किंवा एनव्हीकेचा निघाला, तर तो नोंदवा. नूव्होचं आणि मेसाचं काम फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर चालतं. कार्डाचं पूर्ण नाव, कर्नलचा आकडा, मेसाचा आकडा, जर्नलचे संदेश आणि कोणत्या कर्नलपर्यंत ठीक चालत होतं, एवढं द्या. यातली शेवटची माहिती सगळ्यात मोलाची, कारण तिच्यावरून नेमका कोणता बदल आड आला ते शोधता येतं. ती तुमच्याकडे दुसऱ्या तपासणीतून आधीच आलेली असते.